सरकारी वकिलांनी डावा हात वर केला

गेल्या वर्षीचा मार्च, महाशिवरात्रीनंतरचा दुसरा सोमवार, सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं. जागा सांगलीचं दिवाणी न्यायालय. दाव्याची रक्कम पाच लाख रुपये. हजर: न्यायाधीश, त्यांचे लघुलेखक, आमच्या वकीलबाई, सरकारी वकील, ज्यांच्यावर दावा होता ते फौजदार, माझा मेहुणा, त्याची बायको, मी, आणि आपली काठी दाराबाहेर शिपायाकडे सोपवून आत आलेला सत्तरीपुढचा एक धनगर. त्याला आम्ही सगळे आबा म्हणतो.

मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर तेवीस वर्षं बसतो. भरलेली गाडी किती, रिकामी किती, राहिला तो ऊस. त्यामुळे काहीही सांगायला बसलो की आधी कोण हजर होतं आणि आकडा काय होता हेच तोंडात येतं. त्या दिवशी हजर असलेल्यांपैकी आमचा दावा खरा मानणारी माणसं पाच होती आणि न्यायाधीशांचं काय ते कळायला मार्ग नव्हता. पण हा दावा मुळात पाच लाखांसाठी नव्हताच. तो एका शब्दासाठी होता, आणि तो शब्द कागदावरून खोडायला इतकी वर्षं लागली त्यात निम्मी चूक माझी होती.

त्याच्या चार वर्षं आधीची गोष्ट. माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, गुळव्या आहे. गुऱ्हाळावर रस उकळत असतो तेव्हा काहिलीजवळ उभा राहून गूळ कधी झाला हे ठरवणारा माणूस. अर्धं मिनिट आधी उतरवला तर गूळ पाझरतो, अर्धं मिनिट उशीर झाला तर करपतो. हे तो वासावरून आणि बोटांत ओढलेल्या घट्ट पाकाच्या चिकीवरून ओळखतो. वास बिघडू नये म्हणून हा माणूस तंबाखूसुद्धा खात नाही. दारूचा तर प्रश्नच नाही.

माघात मेहुण्याकडच्या एका गावात जत्रा होती, कुस्त्यांचं मैदान होतं. गावाचं नाव सांगत नाही. तिथली पोलीस ठाण्यातली माणसं आता बदलून गेली आहेत. मीही तिथं नव्हतो. जे पाहिलं नाही ते पाहिलं असं मी कोर्टात सांगितलं नाही, इथेही सांगणार नाही. मेहुण्याने शपथेवर सांगितलं ते असं: शेवटच्या कुस्तीवरून वाद झाला, पोलीस गर्दी हटवायला लागले. हा मैदानाबाहेर आपल्या मोटारसायकलजवळ उभा होता. फौजदार म्हणाले, "गाडी काढ." मागे दुसऱ्यांच्या गाड्या लागलेल्या. हा म्हणाला, "सायेब, मागची निघाली की काढतो." ते उलट उत्तर ठरलं. लाठ्या तीन बसल्या. पहिली पिंढरीवर. दुसरी डोक्यावर येत होती, ती त्याने डाव्या हातावर घेतली. तिसरी खांद्यावर.

मग ठाण्यात दोन तास बसवून ठेवलं. शेवटी एक कागद पुढे आला. "सही कर आणि घरी जा." हात ठणकत होता, याने न वाचता सही केली. कागदावर लिहिलं होतं की सदर इसम दारूच्या नशेत मोटारसायकलवरून पडल्याने डाव्या हातास मार लागला आहे, त्याची कोणाविरुद्ध तक्रार नाही.

सहा वाजता मला फोन आला. मी कारखान्याच्या एका ड्रायव्हरला त्याच्या जीपसह घेऊन गेलो. आमचं घर सातारा जिल्ह्यात, मेहुण्याचं सांगली जिल्ह्यात. दोन्हींच्या मधून हद्द जाते, अंतर अकरा किलोमीटर. घरी आणला तेव्हा दिवेलागण झाली होती. बायको दारातच म्हणाली, "आवं, सरळ मिरजंला न्या. तिथं दवाखान्याला काय कमी हाय?"

मी म्हणालो, "आबा आपल्याच रानात हायेत. हाड बशिवतील, मग बघू मिरजंचं."

हीच ती माझी चूक. आबांची मेंढरं दरवर्षी माघात आमच्या ऊस तुटलेल्या रानात चार रात्री बसायची. रानाला खत मिळतं, त्यांना धान्य मिळतं. आबा पूर्वेच्या दुष्काळी पट्ट्यातले. मेंढराचा पाय मोडला की ते बसवतात, माणसाचा मोडला की तोही बसवतात. माझ्या वडिलांचं मनगट त्यांच्या वडिलांनी बसवलं होतं, माझा घोटा आबांनी. त्यामुळे हाड मोडलं की कागद लागतो हे माझ्या, म्हणजे दिवसभर वजनाच्या पावत्यांचे कागदच फाडणाऱ्या माणसाच्या, डोक्यात आलंच नाही.

आबांनी कंदील जवळ घेतला. हाताकडे पाहण्याआधी ते मेहुण्याला म्हणाले, "तोंड उघड."

"तोंड कशापायी? हात मोडलाय, आबा."

"उघड म्हंतोय न्हवं? उगा वळवळू नगंस."

त्यांनी त्याच्या तोंडाचा वास घेतला, मान हलवली आणि मगच हाताला हात लावला. दोन्ही अंगठ्यांनी कोपरापासून मनगटापर्यंत चाचपत गेले. एका जागी थांबले. मेहुणा ओरडला. मी त्याचे खांदे धरले होते. बांबूच्या चार कामट्या, लोकरीची दोरी, वीस मिनिटांत काम झालं. आबांनी विचारलं, "कुनी मारलं?" कसा पडलास असं त्यांनी विचारलं नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

मी खिशात हात घातला तर म्हणाले, "पैसं घेतलं तर हाताचा गुण जातू. आनि नारळबी आत्ता न्हाई. ज्याचा हात हाय त्यो कामाला लागला की मग नारळ. आमच्यात तसंच हाय."

हात नीट जुळला. नारळ मात्र द्यायची वेळ आली नाही, कारण काम राहिलं नव्हतं. त्या कागदाचा फोटो आठ दिवसांत गावातल्या मोबाइलवर फिरला. कोणी पाठवला ते शेवटपर्यंत कळलं नाही. गुऱ्हाळाचा मालक माणूस बरा होता. त्याने मेहुण्याला चहा पाजला आणि सांगितलं, "गड्या, तू पीत न्हाईस हे मला ठावं हाय. पर ऊसवालं म्हंत्यात, उकळत्या काहिलीवर दारूडा कशाला उभा करता? उद्या कुनी भाजलं तर माझ्या गळ्यात यील." दुसऱ्या गुऱ्हाळावर गेला, तिथंही तेच. बारा हंगाम काहिलीजवळ उभा राहिलेला माणूस भावकीच्या ऊसतोडीवर जायला लागला.

तेव्हा आम्ही वकीलबाईंकडे गेलो. चाळिशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. मेहुणा म्हणाला, "बाई, पैशाचं ऱ्हाऊ द्या. ते दारूचं तेवढं खोडून द्या."

बाई म्हणाल्या, "दिवाणी कोर्टात नुसता शब्द खोडून मिळत नाही. नुकसान काय झालं ते आकड्यात मांडावं लागतं. मग कोर्ट बघतं की शब्द खरा की खोटा."

"शब्दाचं कितीक मांडायचं?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. बुडालेल्या आणि पुढे बुडणाऱ्या हंगामांची मजुरी मी त्यांच्या टेबलावरच मांडली. वेदना आणि बदनामीचा आकडा त्यांनी घातला. असे पाच लाख झाले. पुढे त्या म्हणाल्या की सरकारवर दावा करायचा तर आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, आणि पोलिसांवरचा दावा सहा महिन्यांत दाखल झाला पाहिजे. मी दिवस मोजले. नोटीस गेली, उत्तर आलं नाही, दावा दाखल झाला तेव्हा मुदतीचे अकरा दिवस शिल्लक होते.

मग बाईंनी विचारलं, "त्या दिवसाचं डॉक्टरचं सर्टिफिकेट?"

मी आबांचं सांगितलं. बाई पेन खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे मोडल्या दिवसाचा एकच कागद आहे, आणि तो पोलिसांचा." मग पेन उचलून त्यांनी तेवढंच लिहून घेतलं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मिरजेला आम्ही गेलो होतो, पण चोविसाव्या दिवशी, हात जुळत आला की नाही बघायला. तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. करंगळीच्या बाजूचं एकच हाड, बरोबर मधोमध मोडलेलं, जुळत आलेलं. "कोणी बसवलं? छान बसवलंय," असं ते म्हणाले. हेच डॉक्टर पुढे साक्षीला आले. सरकारी वकिलांनी विचारलं, "असं हाड गाडीवरून पडून मोडू शकतं का?" डॉक्टर प्रामाणिक माणूस. म्हणाले, "शक्यता नाकारता येत नाही." ते वाक्य नोंदलं गेलं. बाहेर आल्यावर मेहुणा जिन्यावर बसला. "दाजी, काढून घ्यायचा का दावा?" त्याने विचारलं. मी नाही म्हणालो.

राहिले आबा. त्यांना समन्स काढायचं तर पत्ता काय? गावच्या घरी कुलूप. बेलिफ दोनदा जाऊन आला, इसम मिळून येत नाही असा शेरा मारून. दिवाळी झाली की ते मेंढरं घेऊन निघतात आणि पहिल्या पावसाला परततात. साक्षीच्या वर्षी आमच्या रानात खोडवा होता, रान मोकळं नव्हतं, म्हणून ते आमच्याकडे फिरकलेही नव्हते. त्यांच्याकडे असलेला मोबाइल पाण्यात पडून दीड वर्ष झालं होतं.

मी रजा टाकली. मेंढरं दिवसाला आठ-दहा किलोमीटरच्या वर जात नाहीत, मध्ये बसवायला थांबतात. दिवाळीपासूनचे दिवस मोजले, ज्यांच्या रानात ते नेहमी थांबतात त्या दोघांना फोन केले, आणि उत्तरेकडची वाट धरली असणार असं ठरवलं. बकरी विकायला ते लोणंदच्या बाजारात येतात हे माहीत होतं. पहिल्या बाजाराला सापडले नाहीत. दुसऱ्या बाजाराला सकाळी नऊला, एका टेम्पोच्या सावलीत, बकऱ्याच्या दाढेत बोट घालून गिऱ्हाइकाशी भांडताना दिसले.

"आबा, कोर्टात साक्ष द्यायची हाय. सांगलीला. सोमवारी."

"कसली साक्ष?"

"मेव्हन्याच्या हाताची. दारू पिऊन पडला म्हंत्यात."

त्यांनी बकरा सोडला. "दारू पिल्याला मी कवा बांधलाय रं?" असं विचारून माझ्याकडे असं रागानं पाहिलं की जणू तो कागद मीच लिहिला होता. मेंढरं म्हातारीच्या आणि सुनेच्या हवाली करून ते रविवारी संध्याकाळी माझ्या घरी हजर झाले.

आता तो सोमवार. आमच्या बाईंनी आबांना त्या संध्याकाळबद्दल विचारलं. त्यांनी सांगितलं. मग सरकारी वकील उठले. माणूस हुशार, हसतमुख, आवाज मोठा.

"शिक्षण किती, आबा?"

"शाळंत गेलो न्हाई."

"म्हणजे तुम्ही मेंढरांचे डॉक्टर."

"व्हय. मेंढराचं एक बरं असतंय. त्ये खोटं बोलत न्हाई. म्हनून हाडं शिकाया त्येच बेस."

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. न्यायाधीशांनी वर पाहिलं.

"पैसे किती घेतलेत?"

"घेत न्हाई."

"फुकट?"

"नारळ घेतो. पर त्यो अजून आला न्हाई."

सरकारी वकिलांना तेच हवं होतं. "चार वर्षं झाली, नारळ आला नाही! मग कधी येणार? दावा जिंकल्यावर?"

"दाव्याचं मला काय ठावं? हात कामाला लागला की नारळ. त्येचा हात काहिलीवर लागला न्हाई, म्हनून नारळ न्हाई." आबा फौजदारांकडे न बघता म्हणाले, "त्यो कुनी लागू दिला न्हाई, त्ये मला इचारू नगा."

"बरं. हा दारू प्यायला नव्हता हे तुम्ही कशावरून सांगता? चार वर्षांपूर्वीचं आठवतं?"

"आठवाया कशाला पायजे? पिल्याला मानूस मी बांधतच न्हाई. त्येला दुखतंय कुठं त्येच कळत न्हाई, मग मी चाचपून काय करू? पयलं तोंड हुंगतो. वास आला तर सांगतो, उद्या ये. माझ्या सख्ख्या मेव्हन्याला मी एकदा मागारी धाडलाय, पाय लोंबत हुता तरी. ह्येला बांधला, म्हंजे ह्यो पिल्याला नव्हता."

लघुलेखकाची बोटं चालू होती. माझ्या शेजारी मेहुण्याने श्वास सोडला, मला तो ऐकू आला.

सरकारी वकिलांनी विषय बदलला. "पण हाड पडूनही मोडतं. डॉक्टरसाहेब तसं म्हणून गेलेत."

"पडल्याला मानूस हात असा टेकतो." आबांनी तळवा पुढे केला. "मग मोडतं हितं, मनगटाला. आनि गाडीवरनं पडला तर कातडं सोलतं, खडी रुतती. ह्येच्या अंगात खडी नव्हती. वळ हुतं. काठीचा वळ दुहेरी उठतो, दोन लाल रेघा आनि मधी पांढरं. ह्येचं हाड मधीच मोडल्यालं, एकलंच, करंगळीकडचं."

"मधेच मोडलं म्हणजे काठीनेच, हे कशावरून?"

आबांचा हात सवयीने काठीकडे गेला, ती नव्हती. मग न्यायाधीशांकडे वळून म्हणाले, "सायेब, माझी काठी भाईर हाय. आत आनू द्याल का? दावतो."

"काठी नको," न्यायाधीश म्हणाले.

आबांची नजर लघुलेखकाच्या टेबलावर गेली. तिथं एक लाकडी फूटपट्टी होती. "ही घिऊ?" त्यांनी विचारलं, आणि न्यायाधीशांनी मान हलवली तेव्हा ती उचलली. पिंजऱ्यातून ते सरकारी वकिलांकडे जरा वाकले. "वकीलसायेब, जरा म्होरं या." वकील हसत एक पाऊल पुढे आले. ते बोलायला तोंड उघडणार इतक्यात आबांनी पट्टी त्यांच्या डोक्यावर उगारली.

सरकारी वकिलांनी डावा हात वर केला. उजव्या हातात कागद होते.

पट्टी त्यांना लागली नाही. ती त्यांच्या काळ्या कोटाच्या बाहीवर, कोपर आणि मनगट यांच्या बरोबर मधोमध, करंगळीच्या बाजूला येऊन अलगद टेकली होती.

"हितंच," आबा म्हणाले.

वकील हात वर धरूनच उभे होते. त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं, मग पट्टीकडे, मग तेच हसले. न्यायाधीश लघुलेखकाला सांगू लागले: साक्षीदाराने फूटपट्टी उगारली असता विद्वान सरकारी वकिलांनी डावा हात वर केला व पट्टी हाताच्या मध्यभागी बाहेरच्या बाजूस टेकली, असे न्यायालयाने पाहिले. मी ते वाक्य तिथल्या तिथं माझ्या तिकिटाच्या मागे लिहून घेतलं. तेवीस वर्षांत इतकं बरोबर वजन मी पाहिलेलं नाही.

सरकारी वकील म्हणाले, "आणखी प्रश्न नाहीत." बाहेर व्हरांड्यात त्यांनी आबांना गाठलं. आम्हाला वाटलं रागावतील. ते म्हणाले, "आबा, माझ्या वडिलांचा गुडघा दुखतो." आबा म्हणाले, "गुडघ्याला मिरजंला न्या. मी मोडल्यालं बघतो, झिजल्यालं न्हाई."

जूनमध्ये निकाल लागला. न्यायाधीश मराठीत वाचत होते, पण इतक्या भराभर की मेहुण्याला काही समजेना. तो माझ्या कानाशी लागला होता, "दारूचं आलं का? दारूचं काय लिवलंय?" पान उलटलं. मग ते आलं. वादी मद्याच्या अमलाखाली होता हे प्रतिवादींना शाबीत करता आलेलं नाही; उलट तो तसा नव्हता हे साक्षीवरून दिसतं; त्याची सही दबावाखाली घेतलेली असून तो जबाब विश्वासार्ह नाही; इजा अनावश्यक बळाचा वापर केल्याने झाली आहे. मेहुण्याची बायको मोठ्याने म्हणाली, "आईऽ!" शिपायाने तिला गप्प केलं आणि स्वतःच हसला. फौजदार मान खाली घालून निघून गेले. मला वाटलं होतं की त्यांच्याकडे बघून मला काहीतरी बोलावंसं वाटेल. वाटलं नाही.

पैशाचा आकडा त्यानंतर वाचला गेला: पाच लाखांऐवजी दोन लाख दहा हजार, दावा दाखल झाल्यापासून सहा टक्के व्याज, आणि खर्च. मेहुण्याने तो ऐकलाच नाही. तो वकीलबाईंना विचारत होता, "त्या पानाची नक्कल मिळंल का, शिक्क्याची?"

नक्कल मिळाली. त्याने ती प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि पहिला गेला तो गुऱ्हाळाच्या मालकाकडे. मालकाने चष्मा लावून ते पान दोनदा वाचलं. मग मोबाइल काढून त्याचा फोटो काढला आणि गावातल्या ज्या ज्या मोबाइलवर पहिला कागद फिरला होता तिथं स्वतः पाठवला. खाली लिहिलं, "आमचा गुळव्या. दसऱ्यापासून काहिलीवर हाय." त्या शिक्क्याचं पान आता गुऱ्हाळाच्या खांबाला लटकवलेलं आहे. ऊसवाले येता-जाता वाचतात. एकाने मला विचारलं, "दाजी, त्या वकिलाला खरंच लागलं न्हाई का?"

पहिल्या आधणाच्या, म्हणजे हंगामाचा पहिला रस काहिलीत चढला त्या, दिवशी मी मुद्दाम गेलो. मेहुणा काहिलीच्या कडेला उभा होता. डाव्या हाताने त्याने दांडा धरला होता आणि उजव्या हाताच्या बोटांत चिकी ओढून पाहत होता. बाकीचे सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. तो म्हणाला, "उतरवा!" आणि चौघांनी काहील उतरवली. गूळ सोनेरी, एकही डाग नाही. बायकोने भावाच्या पाठीत एक धपाटा घातला आणि म्हणाली, "चार वर्सं ह्याचीच वाट बघत हुते बघ." मग माझ्याकडे वळून, "आनि तुमी. मिरजंला न्या म्हणाले हुते का न्हाई?"

"म्हणाली हुतीस," मी कबूल केलं. "पर मिरजंचा डॉक्टर पट्टी घिऊन वकिलावर गेला नसता."

सरकारने अपील केलं नाही. रक्कम कोर्टात भरायला आठ महिने लावले, गेल्या फेब्रुवारीत भरली. मुद्दल दोन लाख दहा हजार, साडेचार वर्षांचं व्याज छप्पन्न हजार सातशे, खर्च अकरा हजार तीनशे. मी तीनदा मांडून पाहिलं, बरोबर आहे. एकूण दोन लाख अठ्ठ्याहत्तर हजार रुपये, माझ्या मेहुण्याच्या खात्यात. आणि त्याच आठवड्यात, आमच्या रानात मेंढरं बसली असताना, त्याने स्वतः डाव्या खांद्यावरून आणलेली पाच किलोची गुळाची ढेप आणि एक नारळ, आबांना.